रक्तवाहिनी-निर्मिती रोखणारी संयुगे आणि त्यांच्या कसोट्या : कर्करोग-संशोधनातील एका कल्पनेचा इतिहास

प्रस्तावना

कर्करोगाच्या गाठीला वाढण्यासाठी नव्या रक्तवाहिन्यांची आवश्यकता असते; त्या निर्माण होऊ दिल्या नाहीत तर गाठीची वाढ खुंटते, ही कल्पना आज वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत स्थिरावली आहे. अमेरिकन शल्यविशारद डॉ. ज्यूडा फोकमन यांनी ती १९७१ मध्ये उपचारपद्धतीच्या स्वरूपात मांडली. तिच्यावर आधारलेले पहिले कर्करोगविरोधी औषध अमेरिकेत मान्य होण्यास २००४ साल उजाडावे लागले. मधल्या तेहतीस वर्षांचा इतिहास बहुधा एका एकाकी संशोधकाच्या चिकाटीची कथा म्हणून सांगितला जातो. ही मांडणी खरी असली तरी अपुरी आहे. या काळात शेकडो संयुगे तपासली गेली, त्यांपैकी बहुतेक मागे पडली, आणि जी टिकली त्यांपैकी काही मूळ अपेक्षेपेक्षा अगदी वेगळ्या कारणांनी टिकली. असे का घडले, या प्रश्नाचे उत्तर व्यक्तिचरित्रात सापडत नाही. त्यासाठी संयुगे ज्या कसोट्यांवर घासली गेली त्या कसोट्यांचा इतिहास पाहावा लागतो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. कोंबडीचे अंडे, सशाचा डोळा, प्रयोगशाळेतील उंदीर, रुग्णाच्या गाठीचे मोजमाप आणि रुग्णाच्या आयुष्याचा काळ या पाच कसोट्या एकाच प्रश्नाच्या चढत्या पायऱ्या नाहीत. त्या पाच वेगवेगळे प्रश्न विचारतात. एका कसोटीने दिलेले उत्तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून स्वीकारले गेले, तेव्हा तेव्हा संशोधक, गुंतवणूकदार आणि रुग्ण यांची फसगत झाली. आपल्याकडील महाविद्यालयीन व विद्यापीठीय प्रयोगशाळांत आज नवी कार्बनी संयुगे तयार करून ती अंड्यावर तपासण्याचे काम होत असते. म्हणूनही या इतिहासाचे अवलोकन उपयुक्त ठरावे.

कल्पनेची पूर्वपीठिका

गाठीभोवती रक्तवाहिन्यांची दाटी असते, हे शल्यचिकित्सकांना पूर्वीपासून ठाऊक होते. मात्र ती दाटी दाहामुळे होते, की गाठ स्वतःहून वाहिन्या ओढून घेते, याचा उलगडा झाला नव्हता. १९३९ मध्ये आयड, बेकर व वॉरन यांनी सशाच्या कानात बसविलेल्या पारदर्शक काचेच्या कक्षातून प्रत्यारोपित गाठीकडे वाढत जाणाऱ्या वाहिन्यांचे निरीक्षण केले. १९४५ मध्ये अल्जायर व चॉकली यांनी उंदराच्या त्वचेत तसाच कक्ष बसवून, गाठीची वाढ वाहिन्यांच्या वाढीवर अवलंबून असते असे सुचविले. १९६८ मध्ये ग्रीनब्लाट व शूबिक यांनी हॅमस्टर या प्राण्याच्या गालातील पिशवीत गाठीचा तुकडा ठेवला आणि पेशी ओलांडू शकणार नाहीत अशी गाळणी मध्ये घातली. तरीही पलीकडच्या बाजूस वाहिन्या वाढल्या. याचा अर्थ गाठ काहीतरी विद्राव्य पदार्थ स्रवत असली पाहिजे.

फोकमन यांचे स्वतःचे निरीक्षण याच दशकाच्या आरंभीचे आहे. अमेरिकन नौदलाच्या सेवेत असताना, १९६० ते १९६२ या काळात, त्यांना रक्ताला पर्याय ठरू शकणाऱ्या हिमोग्लोबिनच्या द्रावणावर काम देण्यात आले होते. फ्रेडरिक बेकर यांच्यासह त्यांनी शरीराबाहेर काढलेल्या अवटू ग्रंथी हे द्रावण खेळवून जिवंत ठेवल्या आणि त्यांत उंदराच्या कर्कपेशी सोडल्या. गाठी एक-दोन मिलिमीटरपर्यंत वाढल्या आणि थांबल्या. त्याच गाठी जिवंत उंदरात रोवल्यावर मात्र झपाट्याने वाढल्या. पेशी मेलेल्या नव्हत्या. ग्रंथीत नव्या वाहिन्या फुटू शकत नसल्याने त्यांची वाढ अडली होती.

या निरीक्षणाचे रूपांतर १८ नोव्हेंबर १९७१ च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' मधील लेखात झाले. गाठ वाहिन्यांना आमंत्रण देणारा एक घटक स्रवते आणि तो घटक अडविला तर गाठ सूक्ष्म अवस्थेतच राहील, असे तेथे सुचविले होते. या कल्पनेत एक मोठे आश्वासन दडलेले होते. प्रौढ शरीरात वाहिन्यांच्या अस्तरातील पेशी जवळजवळ निद्रिस्त असतात. जखम भरून येणे, मासिक चक्र, गर्भधारणा अशा प्रसंगीच त्या विभाजित होतात. म्हणून त्यांच्यावरील उपचार केस गळविणाऱ्या, रक्तपेशी घटविणाऱ्या औषधांपेक्षा सौम्य असतील, अशी अपेक्षा होती. पुढे १९९१ मध्ये रॉबर्ट केर्बेल यांनी आणखी एक तर्क मांडला : कर्कपेशी सतत बदलतात व औषधाला दाद देईनाशा होतात; अस्तरपेशी जनुकीयदृष्ट्या स्थिर असल्याने त्या औषधाला सरावणार नाहीत.

अंडे आणि डोळा

वाहिन्यांची वाढ मोजण्याचे साधन नसेल तर तिला रोखणारे संयुग शोधता येत नाही. म्हणून १९७० च्या दशकातील खरे काम कसोट्या घडविण्याचे होते. कोंबडीच्या गर्भाभोवती, कवचाच्या आतल्या बाजूस, रक्तवाहिन्यांनी भरलेले एक पातळ पटल असते. त्यावर गाठीचे तुकडे वाढविण्याची रीत राऊस व मर्फी यांनी १९११ मध्येच दाखवून दिली होती. आता तेच पटल वाहिन्या मोजण्यासाठी वापरले जाऊ लागले. फलित अंडे काही दिवस उबवून त्याच्या कवचाला खिडकी पाडायची, किंवा गर्भ बशीत उतरवून घ्यायचा. तपासावयाचे संयुग छोट्या चकतीत भरून पटलावर ठेवायचे. आणि दोन-तीन दिवसांनी चकतीभोवती वाहिन्याविरहित मोकळे वर्तुळ दिसते का ते पाहायचे.

दुसरी कसोटी सशाच्या डोळ्यातील पारपटलाची होती. पारपटल स्वभावतः रक्तवाहिन्यांपासून मुक्त असते. त्यात लहानसा कप्पा करून गाठीचा तुकडा ठेवला, तर कडेकडून येणारी प्रत्येक वाहिनी नवी असते व ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते. १९७४ मध्ये मायकेल गिम्ब्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. वाहिन्यांच्या अस्तरातील पेशी काचपात्रात वाढविण्याची रीतही १९७३–७४ च्या सुमारास प्रस्थापित झाली.

या कसोट्यांवर प्रथम यश मिळाले ते कूर्चेला, म्हणजे मऊ हाडाला. कूर्चेत वाहिन्या नसतात; तेव्हा तिच्यात वाहिन्यांना मज्जाव करणारा पदार्थ असावा, हा तर्क हेन्री ब्रेम व फोकमन यांनी १९७५ मध्ये तपासला. तरुण रासायनिक अभियंता रॉबर्ट लँगर यांनी १९७६ मध्ये कूर्चेचा अर्क अंशतः शुद्ध करून पारपटलावर त्याचा प्रभाव दाखविला. प्रथिन हळूहळू पाझरत राहील अशा बहुवारिकाच्या गोळ्या त्यांनी याच कामासाठी तयार केल्या. नियंत्रित औषधपुरवठ्याचे आजचे विस्तृत क्षेत्र ज्या कामांतून उभे राहिले, त्यांत या गोळ्यांना महत्त्वाचे स्थान आहे. मोजमापाची गरज कधीकधी मूळ शोधापेक्षा दूरगामी फळ देते, याचे हे उदाहरण होय.

परंतु याच संशोधनाला एक दुसरा फाटाही फुटला. १९८३ मध्ये ली व लँगर यांनी शार्क माशाच्या कूर्चेतही असा पदार्थ विपुल असल्याचे दाखविले. १९९२ मध्ये शार्कला कर्करोग होत नाही, असे शीर्षकातच सांगणारे लोकप्रिय पुस्तक अमेरिकेत आले आणि कूर्चेच्या भुकटीच्या गोळ्यांचा मोठा व्यापार उभा राहिला. वस्तुतः शार्कला कर्करोग होतो. सशाच्या डोळ्यात रोवलेल्या अर्काचा परिणाम तोंडावाटे घेतलेल्या भुकटीला लागू होईल, असे मानण्यास आधार नव्हता. शार्क-कूर्चेच्या एका प्रमाणित अर्काची फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ३७९ रुग्णांवर यादृच्छिक चाचणी झाली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अर्क घेणाऱ्यांचा मध्यक जगण्याचा काळ १४.४ महिने, तर निष्क्रिय द्रव्य घेणाऱ्यांचा १५.६ महिने भरला. लाभ नव्हता. अंडे आणि डोळा यांनी आपल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर दिले होते. बाजाराने ते भलत्याच प्रश्नाला जोडले.

बुरशी आणि थॅलिडोमाइड

प्रथिने महाग व नाजूक असतात. म्हणून लहान रेणूंच्या रासायनिक संयुगांचा शोध समांतर चालू होता. १९८५ मध्ये फोकमन यांच्या प्रयोगशाळेत डोनाल्ड इंगबर यांच्या अस्तरपेशींच्या पात्रात बुरशी शिरली. बुरशीजवळच्या पेशींची वाढ मंदावली होती, पण त्या मृत झाल्या नव्हत्या. पात्र फेकून न देता त्यांनी बुरशीतील पदार्थ वेगळा केला. तो फ्युमाजिलिन निघाला. हे संयुग प्राण्यांत वजन घटवीत असे, म्हणून जपानमधील ताकेदा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांसह त्याची कृत्रिम सदृश संयुगे घडविण्यात आली. १९९० मध्ये 'नेचर' मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. त्यांतील सर्वांत आशादायक संयुग पुढे टीएनपी-४७० या नावाने मानवी चाचण्यांत गेले.

येथे एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. कर्करोगाची औषधे शोधण्याची त्या काळची रूढ पद्धत म्हणजे कर्कपेशींच्या पात्रात संयुग घालून पेशी किती मरतात हे पाहणे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९० मध्ये साठ प्रकारच्या मानवी कर्कपेशींवर हीच तपासणी मोठ्या प्रमाणावर सुरू केली. वाहिनीच्या अस्तरावर काम करणारे संयुग अशा चाळणीत निरुपयोगी म्हणून गळून पडू शकते. कारण त्या पात्रात वाहिनीच नसते. नव्या कसोट्यांचे महत्त्व यातून स्पष्ट होते. तथापि त्यांची मर्यादाही टीएनपी-४७० मुळेच कळली. मानवी चाचण्यांत काही रुग्णांना चक्कर, तोल जाणे, स्मृती व विचारशक्तीत बिघाड असे मज्जासंस्थेचे त्रास झाले आणि मात्रा वाढविता आली नाही. अंड्यावरील चकतीला हा प्रश्न कधी विचारलाच गेला नव्हता.

थॅलिडोमाइडची कथा याहून उद्बोधक आहे. पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये बाजारात आलेले हे झोपेचे औषध १९६१ मध्ये मागे घेण्यात आले, तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक अर्भके अविकसित हातपाय घेऊन जन्मली होती. फोकमन यांचे सहकारी रॉबर्ट डी'अमाटो यांनी उलटा विचार केला : गर्भातील वाहिन्यांची वाढ अडल्यामुळे अवयव खुंटले असतील, तर हेच संयुग गाठीच्या वाहिन्याही अडवील. १९९४ मध्ये त्यांनी सशांना हे औषध तोंडावाटे देऊन पारपटलातील नव्या वाहिन्या कमी होतात असे दाखविले. सशाची निवड महत्त्वाची होती, कारण उंदरांत थॅलिडोमाइडचा गर्भावरील दुष्परिणामही माणसासारखा दिसत नाही. १९९९ मध्ये सीमा सिंघल, बार्ट बार्लोगी व सहकाऱ्यांनी अस्थिमज्जेच्या मायलोमा या कर्करोगाच्या, इतर उपचार थकलेल्या ८४ रुग्णांना ते दिले; सुमारे एक तृतीयांश रुग्णांनी प्रतिसाद दिला. २००६ मध्ये अमेरिकेत या रोगासाठी ते मान्य झाले.

मात्र २०१० मध्ये जपानी संशोधकांनी थॅलिडोमाइडचे शरीरातील लक्ष्य सेरेब्लॉन हे प्रथिन असल्याचे दाखविले. २०१४ मध्ये हेही स्पष्ट झाले की मायलोमाच्या पेशींना आवश्यक असणारी दोन प्रथिने या मार्गाने नष्ट केली जातात. म्हणजे मायलोमातील लाभाचे मुख्य कारण वाहिन्या रोखणे हे नव्हते. औषध उपयुक्त ठरले. त्याच्याकडे नेणारा तर्क मात्र सुधारावा लागला. कसोटीत उतरलेले संयुग कसोटीने गृहीत धरलेल्याच कारणाने काम करते असे नाही, हा धडा येथे मिळतो.

उंदीर आणि मे १९९८

१९९४ मध्ये मायकेल ओ'रायली यांनी अँजिओस्टॅटिन आणि १९९७ मध्ये एंडोस्टॅटिन ही शरीरातच निर्माण होणारी दोन रोधक प्रथिने 'सेल' या नियतकालिकातून जाहीर केली. ही लहान रेणूंची रासायनिक संयुगे नसली तरी त्यांच्या निमित्ताने जे घडले त्याचा परिणाम साऱ्या क्षेत्रावर झाला. नोव्हेंबर १९९७ मध्ये 'नेचर' मध्ये आलेल्या प्रयोगांत उंदरांना एंडोस्टॅटिनची आवर्तने दिली असता गाठी दर वेळी आक्रसल्या व औषधाला सरावल्या नाहीत. केर्बेल यांचा तर्क सिद्ध झाला असे वाटले.

३ मे १९९८ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पृष्ठावर याविषयी वृत्त आले. त्यात नोबेल पुरस्काराचे मानकरी जेम्स वॉटसन यांच्या तोंडी, फोकमन दोन वर्षांत कर्करोग बरा करतील असे विधान होते. आपण तसे म्हटल्याचे वॉटसन यांनी नंतर नाकारले. दुसऱ्या दिवशी संबंधित एंट्रेमेड कंपनीच्या समभागाचा भाव कित्येक पटींनी उसळला. देशभरातून रुग्ण व त्यांचे नातेवाईक औषधाची मागणी करू लागले, आणि मानवी वापरासाठी औषध तर अद्याप तयारही नव्हते. तुम्ही उंदीर असाल आणि तुम्हाला कर्करोग झाला असेल तर आम्ही तुमची उत्तम काळजी घेऊ शकतो, अशा आशयाचे फोकमन यांचे उद्गार याच काळात गाजले. १९९९ मध्ये एंडोस्टॅटिनच्या मानवी चाचण्या सुरू झाल्या. औषध सुरक्षित आढळले, परंतु गाठी उंदरांतल्यासारख्या विरल्या नाहीत. चीनमध्ये त्याचे एक सुधारित रूप फुप्फुसाच्या कर्करोगासाठी २००५ मध्ये मान्य झाले; अमेरिकेत मात्र ते औषध म्हणून उभे राहू शकले नाही.

उंदराची कसोटी खोटी नव्हती. उंदराच्या कातडीखाली रोवलेली गाठ दोन-तीन आठवड्यांत वाढते. तिच्या बहुतांश वाहिन्या कोवळ्या असतात. माणसाची गाठ अनेक वर्षांत घडते, तिच्यातील कित्येक वाहिन्या परिपक्व असतात, आणि रुग्ण चाचणीत येतो तोवर रोग बहुधा दूरवर पसरलेला असतो. १९९९ मध्ये बर्गर्स, हॅनहॅन व सहकाऱ्यांनी, त्यांत फोकमनही होते, हे उंदरातच दाखविले : एकाच प्रकारच्या कर्करोगात रोधक कोणत्या टप्प्यावर दिला यानुसार त्याचा परिणाम बदलतो, आरंभी प्रभावी ठरणारे संयुग उशिरा निष्प्रभ ठरू शकते.

याच काळात मारिमास्टॅटसारख्या, ऊती पोखरणारी विकरे अडविणाऱ्या संयुगांच्या मोठ्या चाचण्या निष्फळ ठरत होत्या. प्राण्यांत ती आरंभीच्या रोगावर तपासली गेली होती, रुग्णांत ती बव्हंशी वाढलेल्या रोगावर दिली गेली. त्याच वर्गातील बायर कंपनीच्या एका संयुगाची चाचणी १९९९ मध्ये थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्या रुग्णांची स्थिती निष्क्रिय द्रव्य घेणाऱ्यांपेक्षा वाईट होत होती. फेब्रुवारी २००२ मध्ये एसयू-५४१६ या संयुगाची मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील चाचणीही सोडून द्यावी लागली.

गाठीचे आकारमान की आयुष्याचा काळ?

दरम्यान वाहिन्यांना आमंत्रण देणाऱ्या घटकाची ओळख पटली होती. १९८३ मध्ये सेंगर, ड्व्होरॅक व सहकाऱ्यांनी वाहिन्यांची पारगम्यता वाढविणारे एक प्रथिन वर्णिले. १९८९ मध्ये नेपोलियन फेरारा यांनी वेगळे केलेला वाहिनी-वृद्धी-घटक तोच असल्याचे आढळले. १९९३ मध्ये त्याच्याविरुद्धच्या प्रतिपिंडाने उंदरातील गाठी मंदावल्या. त्यापासून मानवासाठी घडविलेले औषध म्हणजे बेव्हॅसिझुमॅब. दुसरीकडे, या घटकाच्या ग्राहीमधील विकराचे काम थांबविणारी लहान रेणूंची संयुगे तयार होऊ लागली.

येथून पुढच्या इतिहासात कसोटीचा प्रश्न अधिक तीव्र झाला. नवे औषध उपयुक्त आहे हे ठरविण्याची वैद्यकातील रुळलेली रीत म्हणजे गाठ किती आक्रसली हे मोजणे. पण वाहिन्या रोखणाऱ्या औषधाकडून मूळ अपेक्षा गाठ वितळविण्याची नव्हती, ती रोखून धरण्याची होती. स्तनाच्या कर्करोगाच्या ४६२ रुग्णांवरील एका चाचणीत, जिचा निकाल २००२ मध्ये कळला, बेव्हॅसिझुमॅबची जोड दिल्यावर गाठ आक्रसण्याचे प्रमाण ९.१ टक्क्यांवरून १९.८ टक्क्यांवर गेले. तरीही रोग पुन्हा बळावण्यापूर्वीचा काळ अर्थपूर्ण रीतीने वाढला नाही. याउलट मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८१३ रुग्णांत जगण्याचा मध्यक काळ १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेला आणि २६ फेब्रुवारी २००४ रोजी औषध मान्य झाले. उल्लेखनीय असे की येथे ते रूढ रासायनिक उपचारांच्या जोडीने दिले होते. वाहिन्या तोडल्या तर ते उपचार गाठीपर्यंत पोहोचणार कसे, ही शंका रास्त होती. कानपूरच्या आयआयटीत शिकलेले व बोस्टन येथे कार्यरत असलेले राकेश जैन यांनी २००१ मध्ये तिचे उत्तर सुचविले होते : गाठीच्या वाहिन्या वेड्यावाकड्या व गळक्या असतात, योग्य मात्रेने त्या काही काळ सुव्यवस्थित होतात आणि औषध आत अधिक चांगले पोहोचते. म्हणजे वाहिन्या उपाशी मारण्याचा सिद्धान्त येथे जवळजवळ उलटा झाला.

सोराफेनिबचे उदाहरण रसायनशास्त्राच्या अध्यापकांना विशेष रुचेल. सुमारे दोन लाख संयुगांच्या चाळणीतून एक युरियाजन्य रेणू हाती लागला व त्यात बदल करत हे संयुग घडले. शोध मात्र राफ नावाचे विकर अडविणाऱ्या संयुगाचा चालला होता. वाहिनी-वृद्धी-घटकाच्या ग्राहीवरील त्याचा प्रभाव पुढे ध्यानात आला. हे संयुग गाठी क्वचितच लक्षणीय आक्रसते. मग त्याचा उपयोग ओळखायचा कसा? मार्क रॅटेन व सहकाऱ्यांनी वेगळी रचना वापरली. २०२ रुग्णांना आरंभी औषध देण्यात आले. बारा आठवड्यांनी ज्यांची गाठ फारशी वाढलीही नाही व घटलीही नाही अशा ६५ जणांची यादृच्छिक विभागणी करून निम्म्यांचे औषध चालू ठेवले व निम्म्यांना निष्क्रिय द्रव्य दिले. त्यापुढे रोग न वाढता गेलेला मध्यक काळ औषध घेणाऱ्यांत २४ आठवडे, तर इतरांत ६ आठवडे निघाला. डिसेंबर २००५ मध्ये सोराफेनिब मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी मान्य झाले. यकृताच्या कर्करोगाच्या ६०२ रुग्णांवरील चाचणीत गाठ लक्षणीय आक्रसण्याचे प्रमाण केवळ २ टक्के होते. पण जगण्याचा काळ ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर गेला. जुन्या मोजपट्टीने मोजले असते तर हे औषध टाकून दिले गेले असते.

मोजपट्टी बदलली म्हणून वाद मिटले असे झाले नाही. स्तनाच्या कर्करोगावर बेव्हॅसिझुमॅबला २००८ मध्ये तात्पुरती मान्यता मिळाली होती, कारण एका चाचणीत रोग बळावण्यापूर्वीचा काळ ५.९ महिन्यांवरून ११.८ महिने झाला होता. एकूण आयुष्य मात्र अर्थपूर्ण रीतीने वाढले नव्हते आणि पुढील चाचण्यांत पहिला लाभही बराच लहान दिसला. रक्तस्राव, रक्तदाब यांसारखे धोके होतेच. १८ नोव्हेंबर २०११ रोजी, म्हणजे फोकमन यांच्या मूळ लेखाला बरोबर चाळीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ही मान्यता रद्द केली. युरोपातील नियामकांनी एका विशिष्ट जोडौषधासह ती कायम ठेवली. पुरावा बव्हंशी तोच होता. 'लाभ' कशाला म्हणायचे याविषयी मतभेद होता. औषधाला न सरावण्याचे आश्वासनही टिकले नाही. २००९ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखविले की उंदरांत वाहिन्या रोखल्यावर काही गाठी अधिक आक्रमक होऊन पसरतात.

चौथा प्रश्न : मुंबईतील निर्णय

संयुग काम करते का, सुरक्षित आहे का, आयुष्य वाढविते का, या प्रश्नांनंतर एक प्रश्न उरतो, तो म्हणजे ते रुग्णाला मिळते का. हा प्रश्न महाराष्ट्रात विचारला गेला. बायर कंपनीचे सोराफेनिब भारतात महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना मिळत होते. हैदराबादच्या नॅटको कंपनीने पेटंट कायदा, १९७० च्या कलम ८४ अन्वये सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज केला. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईत पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी भारतातील असा पहिला परवाना दिला. त्यात महिन्याच्या औषधाची किंमत ८,८८० रुपये आणि मूळ पेटंटधारकास विक्रीच्या ६ टक्के स्वामित्वशुल्क ठरविण्यात आले. अपिलीय मंडळाने मार्च २०१३ मध्ये परवाना कायम ठेवून शुल्क ७ टक्के केले. जुलै २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची याचिका फेटाळली.

सुमारे तीन महिन्यांचे वाढीव आयुष्य आणि दरमहा पावणेतीन लाखांहून अधिक खर्च ही दोन परिमाणे वैद्यकीय चाचणीच्या तक्त्यात शेजारी शेजारी येत नाहीत. रुग्णाच्या घरात मात्र ती एकत्रच येतात. म्हणून पेटंट कार्यालयाचा तो आदेशही या इतिहासाचाच भाग मानला पाहिजे.

समारोप

आज या औषधांचे स्थान निश्चित झाले आहे. ती सर्वरोगहारी ठरली नाहीत. पण टाकाऊही ठरली नाहीत. डोळ्याच्या पडद्यामागे अनिष्ट वाहिन्या वाढून दृष्टी जाण्याच्या वार्धक्यातील विकारावर याच मार्गाचे रॅनिबिझुमॅब २००६ मध्ये मान्य झाले आणि कित्येकांची दृष्टी टिकली, काहींची सुधारलीही. तेथे वाहिन्यांची वाढ हाच दृष्टिनाशाचा मुख्य मार्ग असल्याने कसोटीचा प्रश्न व रुग्णाचा प्रश्न जवळजवळ एकच होता. यकृताच्या कर्करोगात २०२० मध्ये बेव्हॅसिझुमॅब व रोगप्रतिकारशक्ती जागविणारे अटेझोलिझुमॅब यांच्या जोडीने सोराफेनिबला मागे टाकले : बारा महिन्यांनंतर जिवंत असलेल्या रुग्णांचे प्रमाण ५४.६ टक्क्यांच्या तुलनेत ६७.२ टक्के होते.

या इतिहासातून आपल्या प्रयोगशाळांसाठी काही निष्कर्ष निघतात. फलित अंडी अल्प किमतीत मिळतात, प्रयोग काही दिवसांत संपतो, आणि मोकळ्या वर्तुळाचे छायाचित्र प्रबंधात शोभून दिसते. परंतु गर्भाचे ते पटल मुळातच वाढत असते. संयुग विषारी असेल तरीही वाहिन्या विरळ होतात, आणि चकतीच्या चुरचुरीमुळे दाह होऊन त्या दाटही होऊ शकतात. म्हणून विषारीपणाची तपासणी, मात्रेनुसार बदलणारा परिणाम, ज्ञात रोधकाशी तुलना आणि कोणते छायाचित्र कोणत्या संयुगाचे हे ठाऊक नसलेल्या निरीक्षकाकडून मोजणी, एवढे तरी अपरिहार्य आहे. एवढे करूनही जो निष्कर्ष लिहिता येतो तो 'या संयुगाने या पटलात वाहिन्यांची वाढ कमी केली' इतकाच आहे. त्याऐवजी 'कर्करोगविरोधी संयुग' असे लिहिले जाते, तेव्हा शार्कच्या कूर्चेच्या आणि मे १९९८ च्या वाटेवर आपण पहिले पाऊल टाकलेले असते. विद्यार्थ्याच्या प्रबंधातील ते एक विशेषण तपासणे हे मार्गदर्शकाचे काम आहे. कारण ते वाक्य उद्या एखाद्या रुग्णाचे नातेवाईकही वाचू शकतात.